पहिल्याच तासाला सहा विरुद्ध सहा नको
व्हॉलीबॉल शिकवणाऱ्या शारीरिक शिक्षण शिक्षकांना खुले पत्र

सन्माननीय शिक्षक बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच एक. एकोणीस वर्षं शारीरिक शिक्षण शिकवते आहे आणि दरवर्षी, ज्यांनी व्हॉलीबॉलचा चेंडू कधी हातात घेतलेला नाही अशा मुलांसमोर नव्याने उभी राहते. हे पत्र बरेच दिवस मनात होतं. शेवटी लिहायला बसवलं ते वहीतल्या तीन रेघांनी.

झालं असं. पाय मुरगळला होता म्हणून एक तास मी मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसले होते. खेळ मुलांनीच चालवायचा होता, पण मीच लावून दिलेल्या पद्धतीने: पूर्ण मैदान, पूर्ण उंचीचं नेट, दोन्हीकडे सहा-सहा जण, उरलेली मुलं रेषेबाहेर पाळीची वाट बघत. मागच्या कोपऱ्यात एक मुलगी उभी होती. तिच्या हाताला चेंडू लागला की वहीत एक रेघ ओढायची, असं मी सहज ठरवलं. तास संपला तेव्हा वहीत तीन रेघा होत्या. पहिली, बाहेर गेलेला चेंडू तिने उचलून सर्व्हिस करणाऱ्याला आणून दिला त्याची. दुसरी तिच्या सर्व्हिसची, जी नेटपर्यंत पोहोचलीच नाही. तिसरी, मनगटावर आदळून भलतीकडे उडालेल्या चेंडूची. तिला घामसुद्धा आला नव्हता. माझ्या टाचणवहीत मात्र त्या तासापुढे ‘व्हॉलीबॉल शिकवला’ असं लिहिलेलं होतं.

त्या मुलीने आळस केला नव्हता. ती गुडघे वाकवून, हात पुढे धरून, सांगितल्याप्रमाणे तयारीत उभी होती. तिच्याकडे चेंडू आलाच नाही. जो आला तो इतक्या वेगाने आला की काही करायला वेळच नव्हता. दोष मांडणीत होता आणि मांडणी माझी होती.

म्हणून तुम्हाला माझी विनंती एकच आहे. नवख्या मुलांच्या तासात प्रत्येक मुलाच्या हाताला चेंडू किती वेळा लागला, हे आधी बघा. तंत्र, नियम, गुण, रोटेशन (खेळाडूंनी क्रमाने जागा बदलणं) हे सगळं त्याच्यामागून येऊ द्या. ज्या हाताला चेंडू लागतच नाही त्या हाताला तंत्र सांगून काय उपयोग?

हा खेळ इतर खेळांपेक्षा का अवघड आहे, हे आपण मुलांच्या बाजूने फारसं पाहत नाही. बास्केटबॉलमध्ये चेंडू हातात धरता येतो. फुटबॉलमध्ये पायाखाली थांबवता येतो. थांबायचं, वर बघायचं, कोणाला द्यायचा ते ठरवायचं आणि मग द्यायचा, एवढी सवड तिथे मिळते. व्हॉलीबॉलमध्ये चेंडू धरला की चूक. म्हणजे चेंडू हाताला लागण्याआधीच तो कुठे पाठवायचा हे ठरलेलं असावं लागतं, पाय जागेवर पोहोचलेले असावे लागतात आणि हाताचा कोन तयार असावा लागतो. आपण मोठी माणसं हे नकळत करतो. नवख्या मुलाला ही तीन कामं एकाच क्षणी करायची असतात.

त्याला मिळणारा वेळ किती, तेही पाहा. हातापासून १ मीटर वर गेलेला चेंडू साधारण ०.९ सेकंदात पुन्हा हाताशी येतो. तोच ४ मीटर वर गेला तर १.८ सेकंद मिळतात. मुलाला दुप्पट वेळ द्यायचा तर चेंडू चौपट उंच जायला हवा. पण ४ मीटरवरून पडणारा चेंडू हाताशी येताना ताशी ३० किलोमीटरच्या आसपास वेग घेऊन येतो, आणि नेहमीच्या व्हॉलीबॉलचं वजन असतं २६० ते २८० ग्रॅम. कोवळ्या हातावर तो लागला की झोंबतो. पहिल्याच दिवशी दोनदा झोंबला की तिसऱ्या वेळी मूल चेंडू येताना डोळे मिटतं आणि अंग चोरतं. आपण लांबून ओरडतो, ‘अरे, पुढे हो!’ ते कसं पुढे होईल?

वेळ वाढवायचे आणि मार कमी करायचे मार्ग साधे आहेत. चेंडू हलका घ्या, जो हवेत रेंगाळतो. एक टप्पा पडू द्या. सुरुवातीला चेंडू झेलायला परवानगी द्या. यातल्या प्रत्येक गोष्टीला ‘हा काही खरा व्हॉलीबॉल नाही’ असा आक्षेप मी सहकाऱ्यांकडून ऐकला आहे. त्यांना मी या खेळाच्या जन्माची गोष्ट सांगते.

१८९५ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या होल्योक गावी, वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या व्यायामशाळेत विल्यम मॉर्गन यांनी हा खेळ तयार केला. तेव्हा त्याचं नाव होतं मिंटोनेट. चार वर्षांपूर्वीच बास्केटबॉल आला होता. पण मॉर्गन यांच्याकडे येणाऱ्या मध्यमवयीन व्यावसायिकांना त्यातली पळापळ आणि धक्काबुक्की झेपत नव्हती. त्यांच्यासाठी त्यांनी मधे नेट बांधलं, ६ फूट ६ इंच उंचीवर, म्हणजे २ मीटरलाही जरा कमी. एका बाजूला किती खेळाडू असावेत याचं बंधन नव्हतं. चेंडू पलीकडे पाठवण्याआधी आपल्या बाजूला तो किती वेळा उडवायचा याचंही नव्हतं. बास्केटबॉलच्या आतला ब्लॅडर, म्हणजे हवेची रबरी पिशवी, वापरून पाहिला, तो फार हलका आणि संथ निघाला. बास्केटबॉलच घेऊन पाहिला, तो फार जड निघाला. मग या खेळापुरता वेगळा चेंडू बनवून घेतला. ज्यांना दुसरा खेळ जमत नव्हता त्यांना जमावं म्हणून नेट, माणसं, नियम आणि चेंडू हे सगळं बदलून पाहणारा तो माणूस शारीरिक शिक्षणाचाच होता. आज आपण पुरुषांचं २.४३ किंवा महिलांचं २.२४ मीटरचं नेट, सहाच खेळाडू आणि तीनच स्पर्श घेऊन शाळकरी मुलांसमोर उभे राहतो, तेव्हा आपण मोठ्या स्पर्धांसाठी घडत गेलेला खेळ त्यांच्या हातात देत असतो.

झेलण्याबद्दलही एक गोष्ट आहे. त्याच १८९५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या न्यूकम कॉलेजात मुलींना शारीरिक शिक्षण देणाऱ्या क्लॅरा बेअर यांनी दोन संघांमध्ये चेंडू फेकायचा आणि झेलायचा एक खेळ बसवला. चेंडू समोरच्यांच्या भागात जमिनीवर पडला की गुण. पुढे तो न्यूकम बॉल म्हणून ओळखला गेला आणि व्हॉलीबॉलच्या आधीची पायरी म्हणून कितीतरी शिक्षकांनी वापरला. झेलून फेकण्याच्या खेळात मूल व्हॉलीबॉलचा निम्मा भाग शिकतं: रिकामी जागा कुठे आहे, आपली जागा कोणती, चेंडू कुठे पडणार, पाय आधी कसे हलवायचे. फक्त हाताचा फटका शिकायचा राहतो. माझ्या वर्गात पहिले दोन तास हाच खेळ असतो आणि त्यात कोणीही मूल नुसतं उभं नसतं.

आता मैदानाचा हिशेब. व्हॉलीबॉलचं मैदान १८ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद. नेहमीसारखं आडवं नेट बांधलं तर त्यावर बारा मुलं खेळतात आणि चाळीसच्या वर्गातली अठ्ठावीस बघत बसतात. त्याऐवजी लांबीच्या दिशेने, मैदानाच्या मधोमध एक लांब दोरी ताणा. तिच्यावर कापडाच्या पट्ट्या लटकवा, म्हणजे ती नजरेत राहील. उंची एवढी ठेवा, की वर्गातल्या बहुतेक मुलांनी हात उंच केला की बोटं दोरीच्या जराशी वर जातील. आता खडूने किंवा फक्कीने दर ३ मीटरवर आडव्या रेषा मारा. ३ बाय ९ मीटरच्या सहा पट्ट्या तयार झाल्या. प्रत्येक पट्टीत दोघे विरुद्ध दोघे आणि दोन्ही बाजूंना चेंडू टाकून देणारा एकेक. छत्तीस मुलं कामाला लागली. उरलेली चार एका मिनिटाने कोणाची तरी जागा घेतील. मुलं जरा सरावली की ४.५ मीटरच्या चारच पट्ट्या करायच्या आणि प्रत्येकीत चार विरुद्ध चार खेळवायचे.

हे करायला सहा चेंडू लागतात, हे मला माहीत आहे. सहा चांगले व्हॉलीबॉल बहुतेक शाळांच्या कपाटात नसतात. पण सुरुवातीच्या तासांना ते नसलेलेच बरे. हलका रबरी चेंडू चालतो. हवा भरायचा पातळ प्लास्टिकचा मोठा चेंडूही चालतो. अगदी लहान मुलांना फुगासुद्धा पुरतो. जपानमध्ये सॉफ्ट व्हॉलीबॉल म्हणून एक स्वतंत्र खेळच रुजला आहे: बॅडमिंटनच्या मैदानावर चार विरुद्ध चार, नेट २ मीटरवर आणि मऊ रबरी चेंडू, ज्याचा घेर ७८ सेंटिमीटरच्या आसपास आणि वजन साधारण २१० ग्रॅम. नेहमीच्या व्हॉलीबॉलचा घेर ६५ ते ६७ सेंटिमीटर असतो. म्हणजे तो चेंडू आकाराने मोठा आणि वजनाने हलका, नवख्या हाताला हवा तसा.

कोणतं कौशल्य आधी शिकवायचं यावर आपल्यात एकमत नाही. बरेच जण मनगटावरच्या पासने, म्हणजे जोडलेल्या हातांवर चेंडू घेऊन तो साथीदाराकडे देण्याने, सुरुवात करतात. मी डोक्यावरच्या सेटने, म्हणजे बोटांनी चेंडू वर ढकलण्याने, करते. त्याला कोणी लिफ्टिंग म्हणतं, कोणी बूस्टिंग. कारण एवढंच, की झेलण्यापासून सेटपर्यंतची वाट सरळ आहे. मुलांना सांगायचं, चेंडू कपाळाच्या वर, दोन्ही हातांची बोटं पसरून झेला आणि तिथेच थांबा. मग प्रत्येकाने स्वतःचे हात बघायचे. अंगठे आपल्या चेहऱ्याकडे वळलेले आहेत का? अंगठे आणि तर्जन्या मिळून खिडकीसारखा त्रिकोण दिसतो का? त्या खिडकीतून चेंडू दिसतो का? कोपरं आणि गुडघे जरासे वाकलेले आहेत का? आता तिथूनच गुडघे आणि कोपरं एकदम सरळ करत चेंडू वर ढकला. असं दहा वेळा झालं की सांगायचं, झेलून थांबण्याचा वेळ थोडा कमी करा. मग आणखी थोडा. काही मुलांचा झेल कधी नाहीसा होतो ते त्यांचं त्यांनाही कळत नाही. अंगठ्यांकडे मात्र लक्ष ठेवा. ते चेंडूच्या दिशेने पुढे रोखलेले असले तर चेंडू थेट टोकावर बसतो आणि अंगठा दुखावतो.

मनगटावरचा पास मला सगळ्यात जास्त सतावतो, म्हणून त्यावर थोडं सविस्तर लिहिते. नावामुळेच अर्धा घोटाळा होतो. चेंडू मनगटावर घ्यायचा नसतो, मनगटाच्या वर, कोपराच्या बाजूला चार बोटं अंतरावर, हाताच्या आतल्या मांसल भागावर घ्यायचा असतो. मनगटाच्या हाडावर बसला की लागतं आणि चेंडू वेडावाकडा उडतो. मी पासच्या पहिल्या तासाला मुलांना चेंडूशिवाय हात जोडायला लावते. एका तळव्यात दुसरा तळवा, अंगठे एकमेकांना समांतर, मनगटं खाली दाबलेली, कोपरं सरळ. बोटं एकमेकांत गुंफू द्यायची नाहीत. मग जोडीदार त्या सपाट झालेल्या जागेवर चेंडू अलगद ठेवतो, आणि मुलांनी तो तिथे नुसता तोलून धरायचा. ही जागा लक्षात राहिली की पुढचं सोपं होतं.

यानंतर येते ती सार्वत्रिक चूक: हात झुलवणं. चेंडू आला की मूल क्रिकेटची बॅट फिरवावी तसे दोन्ही हात खालून वर फिरवतं आणि चेंडू मागे, डोक्यावरून जातो. आपण सांगतो, ‘हात हलवू नका.’ मुलं हात हलवतात, कारण चेंडूला जोर कुठून द्यायचा हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. जोर पायांतून येतो. गुडघे वाकलेले असतात, ते सरळ होताना अंग पुढे-वर जातं आणि हात नुसती फळी बनून राहतात. फळीचा कोन जिकडे, चेंडू तिकडे. मी एका मुलाला जमिनीवर एक गुडघा टेकून पास करायला लावते. त्या अवस्थेत हात झुलवायला जागाच उरत नाही आणि खांदे किंचित उचलून चेंडू वर जातो हे त्याला स्वतःच जाणवतं. हा प्रयोग करून पाहा.

दुसरी चूक, हात जोडून पळणं. चेंडू लांब जातो आहे आणि मूल जोडलेल्या हातांनी धावतं आहे, हे दृश्य तुम्हीही पाहिलं असेल. अशा हातांनी कोणालाच नीट पळता येत नाही. मी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणते: ‘आधी पाय, मग हात.’ जोडीदार चेंडू कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी जवळ टाकतो. मुलाने पळत जाऊन चेंडू पोटासमोर येईल असं उभं राहायचं आणि नुसता झेलायचा. पासच करायचा नाही. वाटतं की यात व्हॉलीबॉल कुठे आहे. पण पास चुकतो तो बहुतेक वेळा हातामुळे नव्हे, पाय उशिरा पोहोचल्यामुळे.

सर्व्हिसबद्दल मी ठाम आहे. नवख्यांच्या सामन्यात सर्व्हिसच सगळा खेळ गिळते. एक सर्व्हिस नेटमध्ये जाते, एक बाहेर, एक पलीकडे पडते आणि तिला कोणी हात लावत नाही. गुणफलक पळत राहतो आणि चेंडू एकदाही दोन्ही बाजूंनी खेळला जात नाही. म्हणून पहिल्या काही तासांत सर्व्हिस ठेवूच नका. दोन्ही हातांनी खालून उंच, सोपा चेंडू टाकून खेळ सुरू करा. टाकणाऱ्याने समोरच्याला घेता येईल असाच टाकायचा, हा नियम. सर्व्हिस स्वतंत्रपणे शिकवा: उजव्या हाताने मारणाऱ्याचा डावा पाय पुढे, डाव्या हाताने मारणाऱ्याचा उजवा. चेंडू कमरेच्या उंचीवर, उंच न उडवता हातातून नुसता सोडायचा आणि तळव्याच्या मनगटाजवळच्या टणक भागाने मारायचा. पहिल्या दिवशी दोरीपासून ४ मीटरवर उभं राहू द्या. तीन लागोपाठ पलीकडे गेल्या की एक पाऊल मागे. ज्याला महिनाभर ९ मीटरवरून जमत नाही, तो ६ वरून करेल. काही बिघडत नाही.

स्मॅश, म्हणजे नेटजवळ उडी मारून चेंडू जोरात पलीकडे हाणणं, मी नवख्यांना शिकवत नाही. एके वर्षी मुलांनी फार हट्ट केला म्हणून तिसऱ्याच तासाला शिकवला. सगळी मुलं नेटजवळ, सगळ्यांची उडी, सगळ्यांचा जोर. एक मुलगा खाली उतरताना दुसऱ्याच्या पायावर उतरला आणि त्याचा घोटा सुजला. त्या वर्षी तो पुन्हा मैदानावर आला नाही. ती जबाबदारी माझी होती आणि मी ती आजही विसरलेले नाही. उडी मारून खाली कसं उतरायचं, दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, नेटखाली न जाता, हे आल्याशिवाय नेटजवळची उडी नको.

सुरक्षिततेच्या बाकी गोष्टी तुम्हाला ठाऊकच आहेत: हातातली घड्याळं, बांगड्या, अंगठ्या काढून ठेवणं, चेंडू दुसऱ्या पट्टीत गेला की मोठ्याने ओरडून सगळ्यांनी थांबणं, चेंडू परत देताना तो फेकायचा नाही, लोळवायचा.

आता तंत्राबाहेरच्या काही गोष्टी. त्या मला तंत्रापेक्षाही जास्त महत्त्वाच्या वाटतात.

दोन कर्णधार पुढे उभे करून संघ निवडायला लावू नका. शेवटी उरणाऱ्या मुलाला ते वर्षानुवर्षं आठवतं. मी अशीच शेवटी उरत असे, म्हणून हे ठामपणे लिहू शकते. चेंडू सुटला म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावू नका. पळणं ही शिक्षा आहे असं शिकवून आपण आपल्याच विषयाचं नुकसान करतो, आणि ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज आहे तो फेऱ्या मारण्यात गुंतल्याने चेंडूपासून आणखी लांब जातो. दहा मुलांची रांग आणि एक चेंडू, हाही प्रकार बंद करा. त्या रांगेत मूल नऊ पाळ्या थांबतं आणि एकदा चेंडूला हात लावतं.

मुलं-मुली एकत्र खेळतात तेव्हा दोन-तीन धीट मुलं सगळे चेंडू घेतात. त्यांना रागावून उपयोग नाही. त्यांना चेंडू दिसतो आणि ते धावतात, ते चांगलंच आहे. पण पट्टीत दोघेच असले की अर्धी जागा ज्याची-त्याची होते आणि बाजूच्यासाठी चेंडू सोडावाच लागतो. ‘माझा!’ असं मोठ्याने ओरडायची सवय लावा. लाजऱ्या मुलांचा आवाज पहिल्यांदा याच शब्दावर फुटतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

वर्गात एखाद्या मुलाला पायांचा त्रास असेल, तर त्याला गुण लिहायला बसवू नका. बैठ्या व्हॉलीबॉलचे नियम वाचा. तो पॅरालिम्पिकमध्ये खेळला जातो: मैदान १० बाय ६ मीटर, नेट पुरुषांसाठी १.१५ आणि महिलांसाठी १.०५ मीटर उंच, आणि चेंडू खेळताना बैठक जमिनीला टेकलेली असावी लागते. एक दिवस सगळ्या वर्गाला बसवून खेळवा. पायावर उभी असलेली मुलं त्या दिवशी अडखळतात, कारण हातांनी सरकायचंही असतं आणि त्याच हातांनी चेंडूही खेळायचा असतो. जे मूल रोज कडेला बसतं ते अशा दिवशी वर्गाला काहीतरी शिकवू शकतं.

मूल्यमापनाचंही बोलायला हवं, कारण शेवटी रकाने भरावे लागतातच. दहापैकी किती सर्व्हिस पलीकडे गेल्या यावर गुण देणं सोपं असतं, म्हणून आपण ते करतो. त्यात जोरकस हाताच्या मुलांना गुण मिळतात आणि खेळ कळलेल्यांना मिळत नाहीत. मी दोन गोष्टी बघते. चेंडू दुसऱ्याकडे असताना हे मूल काय करतं: हलतं का, जागा भरतं का? आणि पट्टीतल्या चौघांनी मिळून चेंडू खाली न पडता किती वेळा खेळवला? दोन्ही बाजू एकाच आकड्यासाठी खेळतात. तीनवरून सातवर, सातवरून अकरावर गेलेली पट्टी ओरडते तेव्हा शेजारची पट्टी थांबून विचारते, ‘किती झाले?’ हरणं-जिंकणं नंतर येऊ दे, मलाही सामने आवडतात. पण चेंडू हवेत टिकतच नसेल तर सामना कशाचा?

‘तीन स्पर्श झालेच पाहिजेत’ असा नियम सुरुवातीलाच लावावा का, याबद्दल मला शंका आहे. त्याने मुलं एकमेकांकडे बघायला लागतात हे खरं, पण पहिला चेंडूच नीट येत नसताना तीनचा आग्रह धरला की गोंधळ वाढतो. मी दुसऱ्या स्पर्शाला एक जादा गुण देते, सक्ती करत नाही. तुमचा अनुभव वेगळा असेल तर मला जरूर कळवा, मी माझी पद्धत बदलायला तयार आहे.

मुख्याध्यापकांपैकी कोणी हे वाचत असेल, तर त्यांना एकच सांगणं आहे. पुढच्या वेळी क्रीडासाहित्याची मागणी येईल तेव्हा एका महागड्या चेंडूऐवजी सहा हलके चेंडू आणि एक लांब दोरी मागितलेली दिसली, तर ‘हे काय?’ असं न विचारता सही करा.

आणि तुम्हा सगळ्यांना: येत्या आठवड्यात एक तास कडेला बसा. मागच्या कोपऱ्यातलं एक मूल निवडा, त्याला कळू न देता, आणि रेघा ओढा. मी नंतर त्याच मुलीच्या रेघा पुन्हा मोजल्या, पट्ट्यांच्या खेळात. पहिल्या दहा मिनिटांतच पान भरत आलं, आणि मग ती माझ्याकडे धावत येऊन म्हणाली, ‘मॅडम, दोरी थोडी वर करू या?’

आपली,
एक सहकारी शिक्षिका

ता. क. चेंडूतली हवा तपासा. नियमाप्रमाणे दाब दर चौरस सेंटिमीटरला ०.३० ते ०.३२५ किलोग्रॅम असतो, पण आपल्याकडचा पंप मारणारा उत्साही विद्यार्थी चेंडू दगडासारखा करून ठेवतो. नवख्यांसाठी थोडी हवा काढा. अंगठ्याने दाबल्यावर चेंडू किंचित आत गेला पाहिजे. माझ्या वर्गातल्या हात लाल होण्याच्या निम्म्या तक्रारी एवढ्यानेच थांबल्या.